परवाने वाढले, बाजार मात्र पडतच होता: जून २००८ च्या अमेरिकी आकड्यांचा प्रकरण अभ्यास

१७ जुलै २००८ रोजी अमेरिकेच्या जनगणना ब्युरोने जून महिन्याची घरबांधणीची आकडेवारी प्रसिद्ध केली. नव्या घरांसाठी दिलेल्या बांधकाम परवान्यांचा हंगामी समायोजित वार्षिक दर (म्हणजे हंगामी चढउतार काढून वर्षाच्या मापात मांडलेला महिन्याचा आकडा) तीत १० लाख ९१ हजार होता. मे महिन्याच्या ९ लाख ७८ हजारांच्या तुलनेत ही वाढ ११.६ टक्क्यांची होती. सप्टेंबर २००५ मध्ये हाच दर साडेबावीस लाखांच्या वर गेला होता आणि त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे तो घसरत आला होता. शिवाय हे आकडे येण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी कॅलिफोर्नियातील इंडीमॅक ही गृहकर्जांत गुंतलेली मोठी बँक नियामकांनी ताब्यात घेतली होती. अशा वातावरणात एका महिन्यात अकरा टक्क्यांची वाढ दिसल्यावर बाजाराने तळ गाठला की काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते.

त्याचे उत्तर १९ ऑगस्टला मिळाले. जूनचा आकडा सुधारून ११ लाख ३८ हजार करण्यात आला, म्हणजे उसळी आधी वाटली त्याहून मोठी होती. त्याच पत्रकातला जुलैचा दर मात्र ९ लाख ३७ हजार होता, म्हणजे जूनपेक्षा १७.७ टक्क्यांनी खाली. ही उसळी कोठून आली, ती कोणाला ओळखता येण्यासारखी होती आणि मंदीच्या त्या संपूर्ण काळातील प्रादेशिक परवान्यांकडे पाहताना ती काय दाखवते, हे या प्रकरणात तपासले आहे. मुख्य म्हणणे एवढेच, की परवाना ही बाजाराची नाडी असली तरी तिचे ठोके स्थानिक नियमांच्या आणि करांच्या तारखांप्रमाणेही पडतात, आणि मंदीत मूळ आकडा लहान झालेला असल्यामुळे हे दुसरे ठोके अधिक मोठ्याने ऐकू येतात.

मोजमाप काय होते

अमेरिकेत बांधकाम परवाना केंद्र सरकार देत नाही. तो शहर, नगर, परगणा अशा स्थानिक संस्था देतात आणि त्या काळी अशा सुमारे वीस हजार संस्था ब्युरोच्या सर्वेक्षणात होत्या. त्यांपैकी निवडक संस्थांकडून दर महिन्याला आणि उरलेल्यांकडून वर्षातून एकदा ठरावीक नमुन्यात माहिती घेतली जाते: किती इमारती, त्यांत किती घरे, आणि अर्जदाराने सांगितलेला बांधकामखर्च किती. ज्या ग्रामीण भागांत परवान्याची अटच नाही तेथील घरे या मोजणीत येत नाहीत, पण अशा घरांचे प्रमाण देशपातळीवर किरकोळ आहे.

दोन गोष्टी येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. परवाना दिला गेला की तो मोजला जातो. पुढे तो रद्द झाला, मुदत संपून निकामी झाला किंवा विकासकाने जमीनच विकून टाकली, तरी तो मागे जाऊन वजा केला जात नाही. दुसरी गोष्ट वार्षिक दराची. महिन्याचा आकडा हंगामी चढउतार काढून बाराने गुणला जातो, त्यामुळे एका महिन्यापुरती झालेली गर्दी वर्षभर चालेल असा आभास निर्माण होतो. मे आणि जून यांच्या सुधारित दरांतील फरक १ लाख ६० हजारांचा होता. त्याला बाराने भागले, तर ढोबळमानाने तेरा-चौदा हजार जास्तीची घरे हाती येतात. एवढ्या घरांचे परवाने एका महिन्यात जास्तीचे देऊ शकेल असे शहर अमेरिकेत एखादेच होते.

एका शहराची एक तारीख

ते शहर न्यूयॉर्क होते आणि तारीख होती १ जुलै २००८. त्या दिवशी दोन बदल एकदम लागू झाले. १९६८ पासून चालत आलेल्या बांधकाम संहितेच्या जागी नवी संहिता अमलात आली. दुसरा बदल मालमत्ता कराशी संबंधित होता. १९७१ पासून सुरू असलेल्या ‘४२१-ए’ या योजनेखाली नव्या निवासी इमारतीमुळे वाढलेल्या मूल्यावरचा कर अनेक वर्षे माफ होत असे. शहराच्या काही भागांत मात्र ही माफी परवडणारी घरे दिल्याशिवाय मिळत नसे. हे भाग पूर्वी मुख्यतः मॅनहॅटनच्या मध्यापुरते मर्यादित होते. १ जुलैपासून त्यांत संपूर्ण मॅनहॅटन आणि ब्रुकलिन, क्वीन्स वगैरेंमधील झपाट्याने महागणारे पट्टे आले, आणि तेथे सवलत हवी असेल तर त्याच जागेवर एक पंचमांश घरे परवडणाऱ्या दराची ठेवणे बंधनकारक झाले. शहराच्या दुसऱ्या कोपऱ्यातील परवडणाऱ्या घरांची प्रमाणपत्रे विकत घेऊन ही अट भागवण्याची जुनी सोयही बंद झाली.

ब्युरोने आपल्या पत्रकात जूनच्या वाढीचा संबंध संहितेतील बदलाशी जोडला. प्रस्तुत लेखकाच्या मते करसवलतीची तारीख अधिक वजनदार होती, कारण संहिता बदलल्याने खर्चात पडणारा फरक आणि दहा-पंधरा वर्षांचा कर भरावा लागण्याने पडणारा फरक यांची बरोबरीच होऊ शकत नाही. जुन्या नियमांचा लाभ घेण्यासाठी ३० जूनपर्यंत नुसता अर्ज करून भागत नव्हते. खोदकाम होऊन पायाचे काम प्रत्यक्ष सुरू झालेले असावे लागे, आणि त्यासाठी परवाना हाती असणे आलेच.

आता त्या वसंतऋतूतील एखाद्या विकासकाचा हिशेब पाहू. त्याने २००६ किंवा २००७ मध्ये जमीन घेतली ती सवलत गृहीत धरून ठरलेल्या भावाने. कर्ज देणाऱ्या बँका २००८ मध्ये हात आखडू लागल्या होत्या, सदनिकांची विक्री मंदावली होती, आणि एरवी त्याने थांबून वाट पाहिली असती. पण थांबणे म्हणजे जमिनीसाठी मोजलेल्या पैशाचा मोठा भाग पाण्यात घालणे. उलट, नकाशे मंजूर करून घेऊन, खड्डा खणून, पायाचे काँक्रीट ओतून ठेवले तर सवलतीचा हक्क शाबूत राहत होता, मग वरचे मजले कधी का चढेनात. मागणी कमी होत असतानाच परवाने वाढले ते या हिशेबामुळे. तसे पाहिले तर त्यात विसंगत काही नाही. मंदीची चाहूल लागलेला माणूस हातचा हक्क सोडायला अधिकच नाखूश असतो.

परिणाम सालवार आकड्यांतही स्पष्ट दिसतो. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये ३३,९११ घरांना परवाने दिले. १९७० च्या दशकाच्या प्रारंभानंतरचा हा सर्वांत मोठा आकडा होता, आणि तो अशा वर्षी नोंदला गेला ज्या वर्षी देशाचा एकूण आकडा आदल्या वर्षीच्या सुमारे १४ लाखांवरून ९ लाख ५ हजारांवर आला. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, शहराचा आकडा ६,०५७ झाला. ही घट ऐंशी टक्क्यांहून अधिक होती. तिच्यातील किती भाग लेहमन ब्रदर्स या मोठ्या गुंतवणूक बँकेच्या दिवाळखोरीनंतर कर्जबाजार गोठल्याचा आणि किती भाग २००९ ची कामे आधीच २००८ मध्ये ओढून घेतल्याचा, हे काटेकोरपणे वेगळे करता येत नाही. दोन्ही कारणे एकाच दिशेने काम करत होती.

१७ जुलैला हे कळू शकले असते का? कळू शकले असते. पत्रकात विभागवार तक्ता होता आणि वाढ जवळजवळ पूर्णपणे ईशान्य विभागात साठलेली होती. तेथील घरबांधणीची प्रत्यक्ष सुरुवातही एका महिन्यात दुपटीच्या घरात गेल्याचे दिसत होते. घरांच्या प्रकारानुसार पाहिले तर वाढ मोठ्या, बहुसदनिकांच्या इमारतींत होती. एका कुटुंबासाठीच्या स्वतंत्र घरांचे परवाने जूनमध्येही घटलेच होते. ज्याने फक्त मथळ्याचा आकडा पाहिला तो फसला. ज्याने विभाग आणि प्रकार या दोन स्तंभांवरून बोट फिरवले त्याला न्यूयॉर्कचे नाव माहीत नसले तरी ही वाढ सार्वत्रिक नाही एवढे नक्की समजले असते.

चार विभागांच्या आत दडलेले प्रदेश

ब्युरो देशाचे चार विभाग पाडते: ईशान्य, मध्यपश्चिम, दक्षिण आणि पश्चिम. २००५ मध्ये एकूण २१ लाख ५५ हजार घरांना परवाने मिळाले होते. २००९ मध्ये ही संख्या ५ लाख ८३ हजार होती. या चार वर्षांत पश्चिम विभाग सुमारे एक पंचमांशावर आला, तर ईशान्य विभाग साधारण एक तृतीयांशावर. मध्यपश्चिम आणि दक्षिण विभागांची घसरण या दोहोंच्या मधली होती. एवढ्यावरून पश्चिमेत फुगा फुटला आणि इतरत्र त्याचे पडसाद उमटले, असा सोपा निष्कर्ष निघतो. तो अपुरा आहे, कारण विभागांच्या सीमारेषा बाजाराच्या सीमारेषा नाहीत.

दक्षिण विभागाचेच उदाहरण घ्या. देशातील निम्मे परवाने एकट्या या विभागात दिले जात, आणि फ्लोरिडा व टेक्सास ही दोन्ही राज्ये त्यातच मोडतात. फ्लोरिडात २००५ मध्ये सुमारे २ लाख ८७ हजार परवाने होते, २००९ मध्ये ३५ हजार. म्हणजे आठ घरांमागे एक उरले. टेक्सासने २००६ मध्ये २ लाख १६ हजारांचे शिखर गाठले आणि २००९ मध्ये तेथे ८४ हजार परवाने दिले गेले. साठ टक्क्यांची घट काही थोडी नव्हे, पण त्या वर्षी एकट्या टेक्सासने फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांच्या बेरजेपेक्षा अधिक परवाने दिले. कारणे शोधायची तर तेथे जमीन मुबलक होती, नियम सैल होते (ह्यूस्टन शहरात तर पारंपरिक अर्थाने भूवापर क्षेत्रे ठरवणारा नियमच नाही), त्यामुळे मागणी वाढली की भावांऐवजी घरांची संख्या वाढत असे. शिवाय घर गहाण ठेवून त्याच्या ८० टक्क्यांपलीकडे कर्ज काढण्यास टेक्सासच्या स्वतःच्या राज्यघटनेनेच आडकाठी केली होती. भाव फुगलेच नव्हते, म्हणून पडायलाही फारशी उंची नव्हती. या दोन राज्यांची सरासरी काढून ‘दक्षिणेचा कल’ म्हणून जी रेघ मिळते, ती प्रत्यक्षात कोणत्याच बांधकाम व्यावसायिकाच्या अनुभवाशी जुळत नाही.

मिशिगन हे तिसरे आणि माझ्या मते सर्वांत बोलके राज्य आहे. तेथे २००४ मध्ये सुमारे ५४ हजार परवाने होते आणि २००९ मध्ये ७ हजारांच्याही खाली. टक्केवारीत ही घट फ्लोरिडाइतकीच आहे. पण मिशिगनमध्ये सट्टेबाजीचा ज्वर कधी चढलाच नव्हता. मोटारउद्योग आकसत गेला, माणसे राज्य सोडून जाऊ लागली, आणि २००० ते २०१० या दशकात लोकसंख्या घटलेले ते देशातील एकमेव राज्य ठरले. तेथील परवान्यांची घसरण देशाच्या आधी सुरू झाली. फ्लोरिडात घरे गरजेपेक्षा जास्त बांधून झाली होती आणि मिशिगनमध्ये ती घेणारी माणसेच कमी होत होती. आलेख शेजारी ठेवले तर दोन्ही सारखे दिसतात, पण एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडणार नाही. रिकाम्या घरांत माणसे शिरेपर्यंत वाट पाहणे फ्लोरिडाला शक्य होते. मिशिगनला आधी रोजगार हवे होते.

याच्या नेमके उलट उदाहरण नॉर्थ डकोटाचे आहे. बाकेन तेलक्षेत्रात काम वाढल्याने तेथील परवाने २००९ मधील सुमारे तीन हजारांवरून २०१२ पर्यंत दहा हजारांच्या आसपास गेले. देशाच्या बेरजेत ही भर नगण्य आहे, त्यामुळे तिचा येथे एवढाच उल्लेख पुरे.

व्यापारी इमारतींचे उशिराचे वळण

निवासी परवान्यांबद्दल इतक्या बारकाईने बोलता येते, कारण त्यांची देशव्यापी मोजणी आहे. दुकाने, कचेऱ्या, हॉटेले, गोदामे यांच्या परवान्यांची नाही. ब्युरोच्या परवाना सर्वेक्षणात १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बिगरनिवासी इमारतीही धरल्या जात. पुढे तो भाग वगळण्यात आला. त्यामुळे २००८ च्या मंदीत व्यापारी बांधकामाचा प्रादेशिक कल पाहायचा तर एकेका शहराच्या नोंदी, प्रत्यक्ष झालेला बांधकामखर्च किंवा वास्तुविशारदांच्या कामाचा निर्देशांक अशा आडवाटांनी जावे लागत होते. शहरांच्या नोंदींत मूल्य असते ते अर्जदाराने सांगितलेले, आणि मूल्य धरण्याची पद्धत शहरागणिक निराळी, म्हणून दोन शहरांची थेट तुलना करणे धोक्याचेच.

तरीही क्रम निर्विवाद आहे. निवासी परवान्यांचे शिखर २००५ मध्ये होऊन गेले, तर खासगी बिगरनिवासी बांधकामावरचा खर्च २००८ मध्ये शिखरावर होता. म्हणजे घरांचा बाजार तीन वर्षे कोसळत असताना कचेऱ्या आणि हॉटेले उभी राहतच होती. यामागे आशावादापेक्षा कामाचा पल्ला अधिक कारणीभूत होता: मोठ्या व्यापारी इमारतीचे नियोजन, भाडेकरार आणि कर्ज यांना वर्षे लागतात, आणि २००६ मध्ये ठरलेले काम २००८ मध्ये अर्ध्यावर असते. दुकानांच्या बाबतीत आणखी एक दुवा आहे. नव्या वसाहतीत घरे भरली की मग तेथे बाजारसंकुल येते. घरेच थांबली की दुकानांचे परवाने वर्ष-दोन वर्षांनी आपोआप आटतात. फीनिक्स, लास व्हेगास, कॅलिफोर्नियाचा अंतर्भाग अशा नव्याने पसरणाऱ्या शहरांत दुकानांची घट तीव्र झाली ती या दुव्यामुळे.

व्यापारी बाजाराचा खरा कणा मोडला तो कर्जामुळे. व्यापारी मालमत्तांवरील गहाणकर्जे एकत्र करून गुंतवणूकदारांना विकले जाणारे रोखे २००७ मध्ये सुमारे २३० अब्ज डॉलरचे निघाले होते, २००८ मध्ये ते १२ अब्जांच्या आसपास आले आणि २००९ मध्ये तर तीन अब्जांवर. वास्तुविशारदांच्या संस्थेचा मासिक निर्देशांक बांधकामापेक्षा नऊ ते बारा महिने आधी वळतो आणि त्यात ५० खालचा आकडा म्हणजे काम घटल्याची खूण असते. तो जानेवारी २००९ मध्ये ३३.३ इतका खाली गेला. त्यानंतरची दोन वर्षे व्यापारी बांधकाम जवळपास सगळ्या प्रदेशांत पडत राहिले. त्याच काळात निवासी परवान्यांनी मार्च २००९ मध्ये तळ गाठून रांगायला सुरुवात केली होती.

व्यापारी आकड्यांत एकेक प्रकल्प किती वजनाचा असतो हे लास व्हेगासच्या एका जागेवरून समजते. तेथील मुख्य रस्त्यावर ‘एशेलॉन’ नावाचे हॉटेल-कॅसिनो संकुल बांधायला २००७ मध्ये सुरुवात झाली. खर्चाचा अंदाज ४.८ अब्ज डॉलर होता. ऑगस्ट २००८ च्या पहिल्या दिवशी, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या तारखेनंतर बरोबर महिन्याने, कंपनीने काम थांबवत असल्याचे जाहीर केले. लोखंडी सांगाडा काही मजले चढलेला होता आणि तो तसाच उभा राहिला. २०१३ मध्ये ती जागा ३५ कोटी डॉलरला दुसऱ्या कंपनीने घेतली आणि तेथे दुसऱ्या नावाचे संकुल उघडले ते जून २०२१ मध्ये.

दिलेल्या परवान्यांचे पुढे

न्यूयॉर्कमध्येही असे खड्डे आणि अर्धवट मजले मागे राहिले. शहराच्या इमारत विभागाला थांबलेल्या बांधकामस्थळांची वेगळी यादी ठेवावी लागली, ती लवकरच शेकड्यांवर गेली. उघडा खड्डा हा शेजारच्या इमारतींच्या पायाला आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना धोका असतो, म्हणून २००९ मध्ये शहराने कायदा करून अशा जागांच्या मालकांपुढे एक सौदा ठेवला: जागा सुरक्षित ठेवण्याची योजना सादर करा, आणि परवान्याची मुदत वाढवून घ्या. इतर राज्यांनी वेगळ्या शब्दांत तेच केले. न्यू जर्सीने २००८ मध्ये, फ्लोरिडाने २००९ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने २०१० मध्ये परवान्यांच्या मुदती कायद्याने लांबवल्या. कॅलिफोर्नियाने भूखंडांच्या मंजूर आराखड्यांना अशीच मुदतवाढ दिली.

या मुदतवाढीचे समर्थन समजण्यासारखे आहे, कारण नव्याने मंजुरी घेण्यात विकासकाची वर्षे आणि स्थानिक कचेरीची मनुष्यशक्ती वाया गेली असती. पण आकडे वाचणाऱ्यासाठी तिने एक गुंता निर्माण केला. २०१० आणि २०११ मध्ये ज्या प्रदेशांत जुने परवाने जिवंत ठेवले गेले, तेथे काम पुन्हा सुरू झाले तरी नव्या परवान्यांच्या आकड्यात त्याचा मागमूस दिसत नव्हता. न्यूयॉर्कमध्ये तर २००९ आणि २०१० मध्ये नवे परवाने तळाला असताना पूर्ण होऊन ताब्यात दिलेल्या घरांची संख्या चांगली मोठी होती. परवान्यांनी आधी बांधकाम वाढवून दाखवले आणि नंतर कमी करून. म्हणून त्या काळातील प्रादेशिक तुलना करताना परवाने, प्रत्यक्ष सुरुवात आणि पूर्ण झालेली घरे या तिन्ही मालिका शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि ईशान्य विभागाचा तर न्यूयॉर्क वगळून वेगळा आलेख काढावा. ब्युरो परवाना देणाऱ्या संस्थेनिहाय आकडे देते, त्यामुळे ही वजाबाकी अवघड नाही.

हाच प्रकार पुढे पुन्हा घडला. ‘४२१-ए’ ची मुदत जून २०१५ मध्ये संपणार होती. त्या महिन्यात देशाचा परवाना दर २००७ नंतरच्या उच्चांकावर, १३ लाखांच्या वर गेला आणि जुलैमध्ये १६.३ टक्क्यांनी खाली आला. न्यूयॉर्क शहराचा त्या वर्षीचा आकडा ५६,५२८ होता, तर पुढच्या वर्षीचा १६,२६९. या वेळी देशात मंदी नव्हती, राष्ट्रीय बेरीज २००८ च्या तुलनेत भक्कम होती आणि आलेखावरचा सुळका मात्र तितकाच उंच होता.